वेणूने उजवी बाजू वर घेतली

एकदा काय झालं, बरं का, तासगावच्या एका बेदाणेवाल्याला थेट जपानहून बोलावणं आलं. त्याचं नाव श्रीपती. तिथला एक व्यापारी म्हणाला, बेदाणे घेऊन या, चाखून बघतो. चार दिवसांचं तर जाणं-येणं. श्रीपतीने बायकोला, पद्माला, बरोबर घेतलं आणि नऊ वर्षांच्या वेणूलाही घेतलं. घरी तिला सांभाळणार कोण? पोरगी मोठी चुणचुणीत, पण कुणाचं ऐकायचं म्हणून नाव नको. काही सांगायला जावं तर म्हणायची, "माझं मी करते!" अहाहा, काय ती ऐट! तुमच्यातही आहेत हं असे, मी नाव घेत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मोठं शहर बघितलं. आभाळाला टेकलेल्या इमारती, रंगीबेरंगी दिवे, आणि रस्ता ओलांडायला हजार माणसं एकदम निघायची. पण आवाज म्हणून नाही. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, भांडत नव्हतं. वेणूला त्या गर्दीपेक्षा त्या गप्पपणाचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी आगगाडीत बसले. गाडी अशी सुसाट, की चहा हातात घ्यावा आणि गाव मागे पडावं. मग खिडकीतून तो त्यांचा थोर डोंगर दिसला. पानात भाताची मूद वाढावी तसा, वर पांढरं बर्फ. वेणूने हात जोडले. आणि तिसऱ्या दिवशी ते पोचले डोंगरातल्या एका लहानशा गावी. उंच उंच झाडं, खाली दिवसाढवळ्या अंधार, एक लाकडी पूल आणि पुलापलीकडे नुसतं धुकं.

पुलाच्या अलीकडे एक जुनी सराई होती. तिथे गरम पाण्याचे झरे, त्यात आंघोळ करायची आणि मुक्काम करायचा. सराईची मालकीण दारात उभी. तिने श्रीपतीला वाकून नमस्कार केला, पद्माला केला, अन् एवढ्याशा वेणूलाही केला. डोळे मात्र तिचे सुजलेले होते. जोडे दाराशी काढले. प्रत्येकाला एकेक सुती झगा मिळाला, पुढून उघडा, दोन्ही बाजू एकमेकींवर घेऊन पट्ट्याने बांधायचा. मग श्रीपती व्यापाऱ्याने पाठवलेल्या दुभाष्याला घेऊन त्याच्याकडे गेला. पद्मा आंघोळीला निघाली.

"मी आले की नेसवते हं झगा," ती म्हणाली. "तोवर हात लावू नकोस."

वेणू कसली थांबते! झगा घातला आणि विचार केला, आता वर कुठली बाजू घ्यायची? देवाला फूल उजव्या हाताने, नव्या घरात पाऊल उजवं. मग उजवीच वर. तिने आधी डावी बाजू गुंडाळली, वरून उजवी घेतली आणि पट्टा आवळला. झालं! इथेच घात झाला.

ती मोठ्या ऐटीत बाहेर आली. समोरून मालकीण आली, पण वाकली नाही. वेणूकडे बघितलंही नाही, सरळ पुढे गेली. मग पद्मा आली ओल्या केसांनी. "वेणू? अगं वेणू, कुठे गेलीस?" वेणू म्हणाली, "आई, ही काय मी!" आई तिच्यातून आरपार बघत होती. वेणूने तिचा हात धरला, तर पद्मा नुसती शहारली आणि हाका मारत निघून गेली. वेणू धावत आरशापुढे उभी राहिली. आरशात मागची भिंत दिसली, खिडकी दिसली. वेणू नव्हती.

आता मात्र ती घाबरली. रडावं तर रडण्याचाही आवाज येईना.

तेवढ्यात बोळकांडीच्या टोकाचं एक दार सरकलं. आतून कुणी म्हणालं, "ये बाळ. आम्ही तुझीच वाट बघत होतो." तीन दिवस त्या देशातलं एक अक्षर तिला कळलं नव्हतं. आणि आता प्रत्येक शब्द कळत होता. कळला म्हणून तर ती जास्त घाबरली.

आत आठ-दहा माणसं बसली होती. बहुतेक म्हातारी, एक तरुण बाई. सगळ्यांचे झगे पांढरे आणि सगळ्यांची उजवी बाजू वर. कुणी वाईट नव्हतं हो, सगळी माया करत होती. पण कुणाच्याही तोंडून वाफ निघत नव्हती, आणि गारठा तर एवढा! वेणूपुढे भाताची वाटी आली. भातात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या, केळ्यात उदबत्त्या खोचतात तशा. वेणूने एक घास खाल्ला. भात थंडगार. आणि तिच्या शाळेचं नाव ती विसरली. दुसरा घास खाल्ला. बाबांचं नाव काय बरं? आठवेना! तिसरा घास तोंडाशी नेला आणि तिच्या ध्यानात आलं, आता आईचं नाव जाईल. तिने वाटी खाली ठेवली.

मग गाद्या घातल्या गेल्या. एक आजोबा म्हणाले, "चला, निजा. सूर्य मावळला की आपल्याला झोप लागेल आणि डोळे उघडतील ते पुलापलीकडेच."

वेणूने खिडकीतून पाहिलं. सूर्य डोंगरावर टेकला होता. मावळतीकडे तोंड केलं की उजव्या हाताला उत्तर. आणि सगळ्या उशा त्याच बाजूला!

"मी नाही निजणार," वेणू म्हणाली. "उत्तरेला डोकं नि दक्षिणेला पाय, असं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात!"

कोपऱ्यातली एक आजी उठून जवळ आली.

"आमच्याकडेही तसंच ठेवतात गं," ती म्हणाली. "मग तू मेलेली नाहीस?"

"नाही! मी तासगावची आहे!"

"मग झगा असा का नेसलीस?"

"उजवं शुभ असतं ना?"

"अगं वेडे, उजवी बाजू वर फक्त आमची घेतात, सरणावर जाताना. जित्या माणसाने डावी वर घ्यायची."

"आली ती आली," आजोबा म्हणाले. "आता काय सोडायचं?"

"तुम्ही गप बसा हो!" आजी कडाडली. "तिची आई बाहेर हाका मारतेय, ऐकू येत नाही?"

सूर्याची नुसती कोर उरली होती. आजीने पट्टा सोडला. हात बर्फासारखे गार, पण झरझर चालत होते. आधी उजवी बाजू, वरून डावी. पट्ट्याला मागे दुहेरी गाठ मारली, खसकन ओढली आणि म्हणाली, "पळ. मागे बघू नकोस."

वेणू जी पळाली ती थेट आईच्या अंगावर जाऊन आदळली. पद्माने आधी पाठीत एक धपाटा घातला, मग तिला उराशी धरून ती ओक्साबोक्शी रडली. श्रीपती परतला होता. "बाबा, तुम्ही श्रीपती!" वेणू ओरडली. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

मालकीण धावत आली. वेणूला बघून वाकली, आणि वाकल्यावर तिला ती पाठीवरची गाठ दिसली. ती मटकन खाली बसली. दुभाष्याने विचारलं, तेव्हा म्हणाली, "अशी गाठ माझी आई मारायची. ती जाऊन आज तिसरा दिवस. घरात पाहुणे आहेत, म्हणून मी मोकळेपणी रडलेसुद्धा नाही."

मग तिने वेणूचा हात धरला आणि विचारलं, "कशी होती ती?"

वेणू म्हणाली, "हात फार गार होते. पण गाठ घट्ट मारली, आणि माझ्यासाठी त्या आजोबांवर ओरडली."

तेव्हा ती मालकीण हसली, आणि हसता हसता पोटभर रडली. पद्मा तिच्याजवळ बसून राहिली.

तर असं. बेदाणे खपले, माणसं सुखरूप तासगावला आली आणि सुखाने राहिली. वेणू अजूनही "माझं मी करते" म्हणते, पण आधी विचारून घेते. आता रे काय उठून बसलात? उशा कशाला फिरवताय? पूर्वेलाच आहेत, मी बघून घातल्यात. या जवळ, आणि मिटा डोळे.