तळ्याच्या ठरावाला वर झालेले हात

हात चाळीस होते की साठ, याची आता खात्री देववत नाही. आठवण दगा देते. पण मंत्र्यांचे व्याही आबासाहेब जाचक तीन जीप भरून माणसं घेऊन शिरपाळच्या ग्रामसभेला आले होते, हे नक्की. गावाचं एकुलतं एक तळं त्यांना रिसॉर्टसाठी हवं होतं.

ठराव वाचताच आबासाहेबांसकट सगळ्या पाहुण्यांचे हात वर गेले.

"ही माणसं कुठली?" सरपंच इंदुबाईंनी विचारलं.

"गावचीच समजा, बाई!" आबासाहेब हसले.

ग्रामसेवक भाऊसाहेब मान वर करायला तयार नव्हते. मग इंदुबाई गोड आवाजात म्हणाल्या, "गावचीच ना? बरंच झालं. तळ्याच्या ठरावावर मत देणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी तळ्यातला गाळ काढायला यायचं, ही आपली जुनी रीत. भाऊसाहेब, एकेकाचं नाव लिहा. फावडी आम्ही देऊ."

पटापट हात खाली आले. आबासाहेबांचा तेवढा वरच राहिला. चारचौघांत तो खाली घेणार कसा? ठराव पडला.

बऱ्याच वर्षांनी ग्रामसभेची वही पाहायला मिळाली. ठरावाच्या बाजूने हात: एक. आणि गाळ काढणाऱ्यांच्या यादीत शेवटचं नाव: आबासाहेब जाचक, हजर, घमेली तीन.