गुडघ्याखालची साक्ष

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. एका राज्याच्या टोकाला एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारा सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. त्याचा माग जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात होता. खड्ड्यात उतरून तो बसला, की त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम हातभर उंच राहत. ऊन अडवायला दारावर एक जुनं घोंगडं टांगलेलं असे. त्याच्याखालून म्हाताऱ्याला समोरची गल्ली विहिरीपर्यंत दिसे, पण माणसं मात्र गुडघ्यापर्यंतच. चाळीस वर्षं त्याने गाव असंच पाहिलं होतं. कोण चाललंय हे तो पावलांवरून ओळखी आणि सहसा चुकत नसे. याचा त्याला भारी अभिमान होता.

समोर एक विधवा बुरडीण राहत होती. सुपं-टोपल्या विणून ती पोट भरी. ओढ्याकाठचं बांबूचं बेट नवऱ्यामागे तिच्याकडे आलं होतं आणि गावच्या वतनदाराच्या मेहुण्याचा त्यावर डोळा होता. हा मेहुणा अंगाने रेडा आणि बहिणीच्या जिवावर गावभर मिजास मारणारा. एका दुपारी तो काठी घेऊन तिच्या दारात आला. आरडाओरडा होत दोघं विहिरीपर्यंत सरकली. शेवटी बांबू फोडायची कोयती त्याच्या दंडात बसली आणि तो विहिरीपाशी कोसळला.

मेहुणा जगला आणि उठून थेट राजाच्या न्यायाधीशाकडे गेला. "मी विहिरीवर पाणी प्यायला चाललो होतो," तो म्हणाला, "आणि ही बया कोयती घेऊन अंगावर धावून आली."

बुरडीण म्हणाली, "मी जीव वाचवायला हात उचलला."

जीव वाचवायला केलेला वार त्या राज्यात गुन्हा नव्हता. पण ते सिद्ध झालं नाही, तर तिला कायमचं राज्याबाहेर जावं लागणार होतं. घर जाणार, बेट जाणार आणि परमुलखात तिला कोण विचारणार?

साक्षीची तिथली रीत मोठी कडक. साक्षीदाराने जिथून पाहिलं तिथेच बसून सांगायचं, सरकारी लेखनिकाने तिथेच लिहून घ्यायचं. मग ज्या हत्यारावर पोट चालतं, त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. साक्ष खोटी ठरली तर ते हत्यार सरकारजमा.

लेखनिक सणगराच्या घरी आला आणि खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसला. दारात अर्धा गाव लोटला. म्हाताऱ्याने मागावर आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली.

"बुरडिणीचे पाय अनवाणी. त्याच्या पायांत करकरते जोडे. जोडे पुढे येत होते, अनवाणी पाय मागे सरत होते. सात पावलं उलटी. सातव्याला टाच विहिरीच्या कठड्याला लागली."

"आबा, न्यायाधीशांना काय जोडे विकायचेत?" दारातून कोणी तरी ओरडलं आणि सगळे हसले.

"धागे मोजणाऱ्याला सात पावलं मोजायला काय लागतं?" म्हातारा म्हणाला. "पुढचं लिहा, लेखनिकबुवा. काठीचं टोक जोड्यांबरोबर जमिनीला टेकत येत होतं. चौथ्या पावलानंतर ते दिसेनासं झालं."

"म्हणजे त्याने काठी उगारली!" शेजारचा तेली म्हणाला. "तसंच लिहा की! मी तर तसंच सांगितलंय. उगारलेली काठी, लाल डोळे, सगळं!"

"उगारली की काखेत घेतली, मला दिसलं नाही. माझी साक्ष गुडघ्याखालची."

लेखनिक लिहीत गेला. म्हातारा पुढे म्हणाला, "तो पडला. मग बुरडिणीचं पाऊल एक पाऊल पुढे आलं."

आता मात्र लेखनिकाचा बोरू थांबला. माणूस भला होता. हळूच म्हणाला, "आबा, हे राहू द्या. पडलेल्या माणसाकडे पाऊल टाकलं म्हटलं, की पुन्हा मारायला गेली म्हणतील."

दारात उभी असलेली बुरडीण रडू लागली. "आबा, माझ्या जिवावर उठलात का हो?"

पोर म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत या गावात नांदायला आली होती. पण तो म्हणाला, "पोरी, एक धागा गाळला की सगळं घोंगडं उसवतं. दिसलं ते लिहा, बुवा. आणि त्याच्यापुढचंही लिहा." लेखनिकाने ते सगळं लिहिलं, वाचून दाखवलं आणि म्हाताऱ्याने धोट्यावर हात ठेवून शपथ घेतली.

न्यायाच्या दिवशी आधी तेल्याने घाण्यावर बसून दिलेली साक्ष वाचली गेली. उगारलेली काठी होती, लाल डोळे होते, खाल्लेले दातओठही होते. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "घाण्याचं दार कोणत्या बाजूला?"

"मागच्या गल्लीत, महाराज," तेली म्हणाला आणि जीभ चावली. घाणा सरकारजमा झाला. बुरडिणीचा चेहरा पांढरा पडला.

मग सणगराची साक्ष वाचली गेली. मेहुण्याचा कारभारी पुढे झाला. "म्हाताऱ्या, काठी उगारलेली पाहिलीस?"

"नाही."

"दोघांची तोंडं पाहिलीस?"

"नाही."

"पण ही पडलेल्या माणसाकडे सरकली, ते पाहिलंस!"

"पाहिलं. मीच लिहवून घेतलंय."

कारभारी मिशीत हसला. न्यायाधीशांनी हात वर केला. "पुढची ओळ वाचा."

लेखनिकाने वाचलं: "ते पाऊल लगेच मागे फिरलं. मग पाण्याने ठिबकणारा पोहरा त्याच्या डोक्याशी टेकला आणि भोवतालची माती ओली झाली."

न्यायाधीश मेहुण्याकडे वळले. "तू शुद्धीवर आलास, तेव्हा तुझं तोंड कोणी ओलं केलं होतं?"

मेहुण्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

"अंगावर धावून जाणारा सात पावलं मागे सरत नाही," न्यायाधीश म्हणाले. "आणि आठव्या पावलाला मागे विहीर होती. ज्याने बाईच्या विरुद्ध जाणारंही लपवलं नाही, त्याच्या उरलेल्या शब्दांवर मी का शंका घेऊ? बाई निर्दोष आहे. राज्याबाहेर हा जाईल."

बुरडीण धावत आली आणि म्हाताऱ्याच्या पायांवर कोसळली. त्याने तिला उठवलं. चाळीस वर्षं खड्ड्यात वाकून बसलेला तो म्हातारा त्या दिवशी सगळ्या दरबारासमोर ताठ मानेने उभा होता आणि खुद्द न्यायाधीश आसनावरून उठून त्याला दारापर्यंत पोचवायला आले. पुढे त्या राज्यात नवा लेखनिक कामाला लागला, की त्याला आधी ही गुडघ्याखालची साक्ष वाचून दाखवत.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भल्यासाठीसुद्धा साक्षीत भर घालू नये आणि काही गाळूही नये, पाहिलं तेवढंच सांगणाऱ्याचा शब्द सगळ्यांना पुरून उरतो.