सगुणाच्या नाकातली पट्टी

"मग मारलं कोणी तिला?"

माईंचा आवाज चढलेला नव्हता. मठाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर तापीकाठचं ऊन रणरणत होतं, आणि ह्या बाईनं गुडघ्यापर्यंत घोंगडी ओढून घेतली होती.

समोर डॉक्टर अच्युत. माईंचा शिष्य. याच ओसरीवर पाढे शिकला, माईंच्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला, पुढं तालुक्याला दवाखाना काढला. पंचक्रोशीत नाव. आणि नावाबरोबर जे डोक्यात जातं तेही होतंच, कशाला खोटं बोला! आज मात्र दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"सांग ना. माझ्या सगुणाला कोणी मारलं?"

सगुणा मठाच्या पायरीवर सापडलेली पोर. माईंनी पोटच्या लेकीसारखी वाढवली. उन्हानं तिचा घोळणा फुटला, रक्त थांबेना, तेव्हा अच्युतनंच तिच्या नाकात गॉजची पट्टी भरली होती. काल तिचा दहावा झाला.

"जंतूंनी, माई."

"रक्तात शिरले?"

"नाही. रक्त तपासलं. एकही सापडला नाही. ते नाकातच होते, त्या पट्टीवर."

"तिथं बसून काय करत होते?"

"विष सोडत होते. चिमूटभरही नसेल. ते विष रक्तात गेलं, आणि…"



"आणि काय?"

"आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. एरवी शत्रू ओळखून मोजक्याच उठतात. या विषानं झुंडीच्या झुंडी एकदम उठवल्या. लढायचं कुणाशी, ते एकीलाही ठाऊक नाही. ताप भडकला, अंग लालबुंद झालं, रक्तदाब कोसळला…"

"साप साप म्हणून भुई धोपटली, म्हण की."

"हो, माई."

"आणि भुई माझी सगुणा."

माईंनी अंगणाकडं पाहिलं. तिथं दोरीवर पोरीची ओढणी अजून वाळत होती. कुणी काढलीच नव्हती.

"औषध दिलंस ना?"

"दिलं. जंतू मेलेही असतील. पण सुटलेलं विष थोडंच परत येतं? फार उशीर झाला होता."

"का झाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे, माई."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"दोन दिवसांनी पट्टी काढायची होती. मी सत्काराला नाशिकला गेलो. लोकांनी आग्रह केला, मुक्काम वाढवला. तुमचा फोन आला. पोर तापलीय, ओकतेय, गावातल्या नर्सबाई पट्टी काढायला तयार आहेत म्हणालात. मी म्हटलं…"

"काय म्हटलंस?"

"…मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावला," माई म्हणाल्या. "शेवटी शेवटी तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. पट्टी ओढायला बघायची. मी तिचे हात धरून ठेवले, अच्युत. म्हटलं, दादा येईल, दम धर."

त्याला हुंदका फुटला. लहान मुलासारखा रडला तो. माईंनी त्याला थोपटलं नाही, की गप्प बस म्हणाल्या नाहीत.

मग त्यानं खिशातून दवाखान्याच्या किल्ल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या.

"कुलूप लावलंय. त्या दिवसापासून घराबाहेर पडलो नाही, आज पहिल्यांदा इथं आलो. हे हात आता कुणालाही लावणार नाही, माई. मला तेवढी एक शिक्षा द्या."

"शिक्षा…"

"हो. द्या."

त्यानं वाकून घोंगडीवरूनच त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

आणि दचकून मागं सरला.

पाय विस्तवासारखा भाजत होता. वास येत होता.

त्यानं घोंगडी दूर केली. सगुणाला पोचवायला माई अनवाणी गेल्या होत्या. वाटेत बाभळीचा काटा टाचेत मोडला. स्मशानातून परतल्यावर अच्युतनंच तो चिरून काढला होता, जखमेत पट्टी भरून वर बांधलं होतं, आणि तसाच रडत निघून गेला होता. तीच पट्टी. तिची गाठसुद्धा त्याचीच. पाय सुजून घोट्याच्या वर लाल झाला होता.

"माई! अहो, ही अजून तशीच? इतके दिवस? नर्सबाईंना बोलवायचं, कुणाकडून तरी सोडवून घ्यायची!"

माईंचे दात वाजत होते. त्यांनी घोंगडी हळूच पुन्हा पायांवर ओढली.

"बांधताना तूच बजावून गेलास ना, बाळा… मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."