पिंपळासमोरची खोली

नवऱ्याच्या अस्थी घेऊन कुमुदताई खांबेटे नाशिकच्या एका लॉजवर पोहोचल्या. विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं. तोवर अस्थी त्यांना नजरेआड करायच्या नव्हत्या.

मॅनेजर दाभाडे गुरकावले, “पुढच्या खोल्या जोडप्यांना. एकट्या बाईला मागची. आणि अस्थी आत चालणार नाहीत, पुढच्या अंगणातल्या पिंपळाला बांधा.”

“का हो?”

“जीव घुटमळत असतो, बाई! बाकीची गिऱ्हाइकं घाबरतात.”

“म्हणजे आमचे हे अजून माझ्यासोबत आहेत म्हणता? मग आम्ही जोडपंच की. पिंपळासमोरची खोली द्या.”

दाभाड्यांनी किल्ली पुढे केली.

कुमुदताईंनी गाठोडं पिंपळाला बांधलं, वर जाऊन खिडकी उघडली आणि अंधारात ते दिसेनासं होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.