टिकली मुंगी आणि लाल गाडीचं चाक

एक होती मुंगी. टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली सारखी चालायची. तुरू तुरू तुरू! इकडून तिकडे. तिकडून इकडे. गप्प बसणं म्हणून तिला ठाऊकच नव्हतं. आहे ना असं कुणीतरी आपल्याही घरात? कोण बरं?

टिकली राहायची दिगूमामाच्या टेबलाच्या फटीत. आणि टेबलाशी बसून दिगूमामा काय करायचा? गाडी करायचा! खरी नाही हं. तळहातावर मावेल एवढी. पण कशी? शर्यतीची! बुटकी, चपटी, ऐटबाज स्पोर्ट्स कार!

मामा खोक्यातून तुकडे काढायचा. कानशीने घासायचा, खर्र खर्र. गोंद लावायचा, चिक्. जोडायचा, टक्. मग आला रंग. लाल लाल लाल! मामाने रंगाचा एक हात दिला. मग दुसरा हात दिला. गाडी बाटलीच्या झाकणावर वाळत ठेवली. चाकं ठेवली बाजूला.

कुंदामामी चहा घेऊन आली.

"अगंबाई, छान झालीय की! पण अहो, एवढ्याशा गाडीत बसणार कोण?"

"मुंगी बसेल की!" मामा म्हणाला.

झालं! टिकलीने ऐकलं आणि मनावरच घेतलं. "मी बसणार! गाडीत मी बसणार!"

मामाने चहासाठी हात लांब केला. कोपर लागलं चाकाला. आणि चाक पडलं खाली.

टुणुक टुणुक टुणुक!

मामाने शोधलं. खोक्यात नाही. चष्म्याखाली नाही. कपात? छे, कपातही नाही!

तीन चाकांवर गाडी चालते का? काय म्हणालात, रिक्षा चालते? हो रे बाबा, चालते. पण ही रिक्षा नाही ना!

टिकलीला रडूच आलं. आता गाडी निघणार कशी? पण चाक कुठे गेलं, ते तिने पाहिलं होतं. ते गेलं होतं गबदू बोक्याच्या पोटाखाली. गबदू उन्हात लोळत होता. घुर्र घुर्र!

टिकली गेली बोक्याकडे. तुरू तुरू तुरू!

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

"अंहं!" बोका म्हणाला. "काय मस्त ऊन आहे! ऊन सरकलं, की मी उठेन."

टिकली गेली उन्हाकडे. तुरू तुरू तुरू!

"उन्हा, उन्हा, सरक ना रे!
बोका उठेना,
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

"अंहं!" ऊन म्हणालं. "माझी वाट पडद्याच्या फटीतून. पडदा हलला, की मी सरकेन."

टिकली गेली पडद्याकडे. तुरू तुरू तुरू!

"पडद्या, पडद्या, हल ना रे!
ऊन सरकेना,
बोका उठेना,
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

"अंहं!" पडदा म्हणाला. "मी काय आपला आपण हलतो होय? वारा आला, की मी हलेन."

टिकली चढली पडद्यावर. वर, वर, वर! तुरू तुरू तुरू! काचेपलीकडे वारा होता. सूं सूं करत होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना रे!
पडदा हलेना,
ऊन सरकेना,
बोका उठेना,
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

"अंहं!" वारा म्हणाला. "मी कधीचा बाहेर उभा आहे. खिडकी उघडली, की मी येईन."

टिकली गेली खिडकीकडे. तुरू तुरू तुरू!

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना गं!
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरकेना,
बोका उठेना,
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

"अंहं!" खिडकी म्हणाली. "माझी कडी कोण काढणार? तू? मामाने कडी काढली, की मी उघडेन."

टिकली गेली मामाकडे. दमली होती बिचारी. तरी गेली. तुरू... तुरू... तुरू!

"मामा, मामा, कडी काढा ना!
खिडकी उघडेना,
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरकेना,
बोका उठेना,
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

मामाने भिंग डोळ्याला लावलं. भिंगातून टिकली दिसली केवढी मोठी!

"अंहं, बाळा!" मामा म्हणाला. "खिडकी उघडली, तर धूळ येईल. ओल्या रंगाला चिकटेल. आणि गबदूला हाकललं, तर तो उडी मारेल थेट टेबलावर. मग केसच केस! रंग वाळला, की मी कडी काढेन."

"म्हणून पंखाही बंद, खिडकीही बंद!" मामी पदराने वारा घेत म्हणाली. "शिजलो आम्ही इथे!"

टिकली गेली रंगाकडे. तुरू... तुरू... तुरू!

"रंगा, रंगा, वाळ ना रे!
मामा ऐकेना,
खिडकी उघडेना,
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरकेना,
बोका उठेना,
चाक मिळेना,
गाडी निघेना,
मी बसू कशात?"

आता रंग काय म्हणाला असेल? अंहं म्हणाला?

नाही! रंग म्हणाला, "हो, वाळतो की! पण घाई नको करूस. मला हात लावायचा नाही. माझ्यावर चालायचं नाही. तू फक्त गप्प बस."

गप्प बस? आणि टिकलीने? अरे देवा!

टिकली बसली झाकणाच्या कडेला. तिचे पाय वळवळले. एक पाय हळूच पुढे गेला.

"अंहं!" रंग म्हणाला.

टिकलीने पाय मागे घेतला. बसली. आणखी बसली. पुन्हा विचारलं, "वाळलास?"

"नाही अजून."

तेवढ्यात आली एक माशी. भुंण भुंण भुंण!

"वा, काय लाल लाल! बसू का जरा?"

"अगं, नको नको!" टिकली ओरडली. "पाय चिकटतील तुझे! आणि रंगावर ठसे उमटतील!"

"अस्सं होय?" माशी म्हणाली. आणि गेली आपली मामीच्या चहाकडे. भुंण भुंण भुंण!

टिकली पुन्हा गप्प बसली. अगदी गप्प. एवढी गप्प, एवढी गप्प, की...

"वाळलो!" रंग म्हणाला.

मामाने गाडी उचलली. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, हळूच बोट टेकवलं. बोट लाल झालं? नाही झालं!

मग काय!

रंग वाळला,
मामाने कडी काढली,
खिडकी उघडली,
वारा आला,
पडदा हलला,
ऊन सरकलं,
बोका उठला,
आणि चाक मिळालं!

टुणुक टुणुक टुणुक!

टिकली धावली. चाकाला घट्ट बिलगली. मामीने चाक उचललं.

"अहो, हे बघा तुमचं चाक! अन् ही मुंगी बघा, सोडतच नाहीये!"

"झटकू नकोस गं," मामा म्हणाला. "ती ड्रायव्हर आहे!"

गोंद लावला, चिक्. चारही चाकं बसली, टक्. गाडी तयार!

टिकली गाडीच्या खिडकीतून आत गेली. सीटवर बसली. कशी दिसत होती? राणीसारखी!

मामा गाडी ढकलणार, तोच मामी म्हणाली, "थांबा! नवी गाडी आहे. पूजा नको?"

मामीने गाडीला इवलंसं हळदकुंकू लावलं. चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं. पण लिंबू केवढं! गाडी केवढी! गाडी लिंबावर चढणार कशी? मामीला हसू आवरेना.

"राहू दे लिंबू," मामी म्हणाली. आणि तिने चाकाखाली ठेवला साखरेचा दाणा.

निघाली गाडी! घर्रर्रर्र! दाणा फुटला, कुर्रम! लाल गाडी टेबलभर पळाली. आत टिकली ओरडत होती, "मी बसले! मी बसले!"

मग गाडी थांबली. टिकली उतरली. फुटलेली साखर एकेक कण उचलून तिने गाडीत भरली. पुन्हा सीटवर जाऊन बसली. आणि खात खात, पाय न हलवता, अगदी गप्प बसली.

कुर्रम कुर्रम कुर्रम!

टिकलीची गाडी उभी राहिली टेबलावर, आणि आपली गोष्ट उभी राहिली तुमच्या उशीवर.