हिरवी किटली आणि निळी बरणी

फार पूर्वी भांडी आपली झिलई आपणच निवडायची, तेव्हाची ही गोष्ट. चंद्राक्का कुंभारणीकडे एक किटली होती. तिने निवडीत चार दिवस घालवले, कारण भाजण्याआधी सगळ्या झिलया सारख्याच, राख कालवलेल्या ताकासारख्या दिसत. शेवटी तिने हिरवी अंगाला लावून घेतली. शेजारच्या बरणीने निळी घेतली.

भट्टीत मांडताना चंद्राक्काने बजावलं, "बायांनो, टेकू नका हं एकमेकींना! झिलई वितळली की चिकटाल."

भट्टी तापली. झिलई वितळून चकाकू लागली. किटलीला राहवेना. बरणीचा निळा आपल्या हिरव्यापेक्षा उठून दिसला तर? ती हळूच बरणीकडे झुकली.

"अगं, सरक तिकडे!" बरणी ओरडली.

"एकदाच बघते गं," किटली म्हणाली आणि तिच्या पोटाला जाऊन टेकली.

भट्टी निवल्यावर चंद्राक्काने ओढलं, तिच्या नवऱ्याने ओढलं, पण दोघी सुटेनात. शेवटी चंद्राक्काने कपाळाला हात लावला आणि एकीत चहा, दुसरीत लिंबाचं लोणचं भरलं.

संध्याकाळी पाहुणे आले. चंद्राक्काने किटली वाकवली, तशी बरणीही वाकली आणि चहापाठोपाठ लोणच्याची फोड बशीत पडली. पाहुण्यांनी ती निमूट चाटली आणि म्हणाले, "रंग मात्र फार सुरेख आलाय!"

"कुणाचा?" दोघी एकदमच ओरडल्या.

पाहुणे चहा टाकून पळाले.