डोहातले दार

आमच्या थोरल्या आत्याचे लग्न झाले, त्या साली श्रीउगमनाथ महाराज बोरटेक गावी नदीकाठच्या धर्मशाळेत उतरले होते. त्याच साली खंडू भोयाची बायको पटकीने गेली. मागे आठ वर्षांची ठकू राहिली.

आई गेल्यापासून ठकूने एक भलतेच धरले. बापाची नजर चुकली की नदीच्या खोल डोहात उडी घ्यायची आणि तळाकडे जायचे. भोयाची पोर, पोहणे येत होते. पण त्या डोहाने मोठमोठे पोहणारे नेले होते. ती वर येई तेव्हा ओठ निळे पडलेले असत. खंडूने मारून पाहिले. पाण्यातल्या आसरा देवींना हिरवी चोळी वाहिली. पोर थांबेना. शेवटी तो महाराजांकडे आला.

“महाराज, बाप म्हणून मी हरलो.”

“जेवलास का?”

“नाही.”

महाराजांनी त्याला स्वतः वाढले. त्याचे जेवण झाले. मग म्हणाले, “ती उडी का घेते, हे तिला विचारलंस?”

“कानाखाली दिली, महाराज. विचारलं नाही.”

तिथे गावचे हैबतराव देशमुख बसले होते. ते हसले. “पोरीला काय विचारायचं? खंड्या, नदीतले मासे धरतोस आणि घरातली पोर धरता येईना? माझ्या कुत्र्याची साखळी आहे, ती घाल तिला. बुवा, तुम्ही आपला भात वाढा.”

महाराज एवढेच म्हणाले, “खंडू, विचार तिला.”

पण देशमुखांचा शब्द कोण मोडणार! त्यांनी स्वतः येऊन ठकूच्या पायात साखळी घातली, कुलूप लावले, दुसरे टोक घराच्या मेढीला, म्हणजे खांबाला, गुंडाळले आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. शरमेने खंडूचे विचारणे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी ठकूने साखळीचे दुसरे टोक मेढीवरून सोडवले आणि साखळीसकट डोहात उडी घेतली. खंडूने बुड्या मारल्या. हात रिकामेच वर आले. देशमुख धावत आले. महाराज कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि त्यांनी आसरांना हात जोडले. “आयांनो, लेकरू बापाचं आहे. परत द्या.”

आणि ठकू त्यांच्यासमोर वर आली! पाय मोकळा होता. भोयांनी गळ टाकून साखळी काढली. कुलूप तसेच बंद होते, आणि किल्ली देशमुखांच्या कमरेला.

खंडूने मारायला हात उचलला, तो खाली घेतला आणि पोरीला मांडीवर ओढले. “ठके, कशाला जातीस गं तिथं?”

“आईला बघाया. काकू म्हणाल्या, ती आसरांच्या घरी राहायला गेली. मला दार सापडंना.”

पोरीने रडणे थांबवावे म्हणून शेजारच्या बायांनी तसे सांगितले होते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“तिला खरं सांग,” महाराज म्हणाले. “तुला सांगणं जमेपर्यंत मी इथंच बसतो.”

आई मेली, तिला जाळले, ती आता कुठेच राहत नाही, हे खंडूने सांगितले. बापलेक खूप रडली. महाराज ओल्या वस्त्रांनी जवळ बसून राहिले. पुढे ठकू डोहावर जाई ती बापाच्या नावेतून, जाळे टाकायला.

देशमुखांनी पागोटे महाराजांच्या पायांवर ठेवले. महाराज म्हणाले, “माझ्या नको. खंडूच्या पाया पडा.” आणि साऱ्या गावासमोर देशमुख भोयाच्या पाया पडले.

ठकूबाई गेल्या कार्तिकात वारल्या. म्हातारपणाने, घरच्या अंथरुणावर, नातवंडांच्या देखत.